एका गूचला किती लारा?

5 नोव्हेंबर 1987. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचने वानखेडेवर स्वीप मारमारून 115 धावा कुटल्या आणि यजमान भारत घरी बसला. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर तो 36 वर असताना किरण मोरेच्या हातून त्याचा झेल सुटला. मग गडी 333 करूनच थांबला. अशा माणसाचं तोंड पाहू नये. पण नव्वदीच्या सुरुवातीला ट्रम्प कार्डं खेळणाऱ्या पोरांना संचात गूच हवाच असायचा. ‘सर्वोच्च धावा’ म्हणून ओरडलं की समोरच्याचं पान आपलं!

अशी पोरं नांदेडजवळच्या विष्णुपुरीतही होती. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक आहे ते गोदावरीवरच्या उपसा सिंचन प्रकल्पामुळे. 1981 मध्ये इथे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. या दोन सालांमधलं मराठवाड्यातलं बालपण म्हणजे रबर लावलेल्या गठ्ठ्यांचं बालपण. आधी काडेपेट्यांचे छाप, मग ‘बिग फन’ चिंगममधली क्रिकेटपटूंची चित्रं. या चित्रांवर धावा नाहीतर बळी छापलेले असत. बेरीज भरली की बक्षीस. चघळून चघळून जबडे दुखले, तरी हवा तो खेळाडू निघेलच असं नाही. डबल आलेले मित्राला देऊन त्याच्याकडचं वेगळं घ्यायचं, हा व्यवहार गणिताच्या तासापेक्षा जास्त मन लावून चाले.

ट्रम्प कार्डांनी मात्र जमवण्यात जुगार आणला. खेळ ‘खरा-खरा’ की ‘खोटा-खोटा’, हे आधीच ठरवून घ्यावं लागे. खऱ्यात हरलेलं पान परत मिळत नसे. त्यात एक गोम होती. छापलेला आकडा कधी वाढत नाही. 18 एप्रिल 1994 ला ब्रायन लाराने अँटिग्वात 375 केल्या; त्याआधी छापलेल्या पानावरचा लारा 277 वरच अडकलेला. म्हणजे जुना लारा गूचपुढे पडणार, नवा लारा गूचला खाणार. पेपर वाचणारं पोरगं म्हणणार, खरे 375 धर. समोरचा म्हणणार, छापलंय ते धर. दुसऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं, पण पहिल्याची बाजू घ्यावीशी वाटते.

अमेरिकेत बेसबॉल कार्डांचं जग निराळं. ‘टॉप्स’ कंपनीने 1952 च्या संचातली न खपलेली कार्डं पुढे 1960 मध्ये चक्क समुद्रात बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक जवळपास कोरं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकलं गेलं. कोरं, हे महत्त्वाचं. रबराने कडा दुमडलेला, घामट हातांनी मऊ पडलेला आपला गूच तिथे कोणी फुकटही घेणार नाही.

1999 मध्ये ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ आलं आणि चित्रं मागे पडली. रॅपरवरचे आकडे जमवून 100 भरले की पुस्तिका मिळे. घरी पाहुणे आले की पोरांची नजर बशीतल्या बिस्किटांवर नसे. पुडा आई सरळ फाडते की आकड्यावरून, तिकडे असे.