सिंथेटिक ऑइल आणि ट्रॅक्टरचे तास



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरवाल्या सभासदांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सिंथेटिक ऑइल घातलं की हंगामभर बदलायला नको म्हणतात, खरं काय?" थोडक्यात उत्तर असं, की ऑइल चांगलं आहे, पण हंगामभर पुरणारं नाही.

साधं ऑइल खनिज तेल शुद्ध करून काढतात. सिंथेटिक ऑइल रासायनिक प्रक्रियेनं घडवलेलं असतं. त्यामुळं ते उष्णतेत लवकर खराब होत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही घट्ट होत नाही. डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. बर्फाळ मुलखात पहिला आकडा लहान लागतो. आपल्या कोल्हापूरच्या थंडीला १५ भरपूर झाला. उष्णतेचा फायदा मात्र खरा आहे. भरलेले दोन ट्रेलर घेऊन चढाला लागलेलं इंजिन चांगलंच तापतं.

पण ऑइल नुसत्या उष्णतेनं बिघडत नाही. डिझेलची काजळी, एअर क्लीनर चुकवून आत गेलेली फडातली धूळ, नोझल गळत असेल तर खाली उतरलेलं डिझेल, हे सगळं ऑइलमध्येच मिसळतं. ऑइल कितीही भारी असो, ही घाण काढायला ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेच लागतात.

मग बदलायचं केव्हा? किलोमीटरवर नव्हे, तासांवर. बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात, काही नव्या मॉडेलांना त्याहून जास्त. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. रोज १० तास इंजिन चाललं तर २५० तास २५ दिवसांत भरतात. म्हणजे १०० दिवसांच्या हंगामात चार वेळा ऑइल आलं.

यात एक मेख आहे. केबलवर चालणारं जुनं तासमीटर इंजिनाच्या ठराविक वेगाला धरून तास मोजतं. काट्यापुढं नंबर लावून इंजिन मंद चालू ठेवलं, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी तास दाखवतं. म्हणून ड्रायव्हरकडं एक वही द्यावी आणि रोजचे तास लिहून ठेवावेत. रांगेत उभं असताना इंजिन बंद केलं तर डिझेलही वाचतं.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात ते लवकर काळं होतंच, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. मात्र ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं समजावं. पातळी आपोआप वाढली, डिझेलचा वास आला, तर तास न बघता मिस्त्रीला दाखवावं. पातळी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर बघावी.

सिंथेटिक घ्यायचं की नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे. ऑइल-फिल्टरचा खर्च भागिले तास, असा ताशी खर्च काढावा. कंपनी जादा तासांना मान्यता देत नसेल, तर महागडं ऑइल २५० तासांनीच ओतून द्यावं लागेल. त्यापेक्षा पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं साधं ऑइल वेळेवर बदललेलं परवडतं. खरेदी पावती घेऊनच करावी.

काढलेलं ऑइल पाटात, ओढ्यात सोडू नये. तेच पाणी पंचगंगेला मिळतं. डब्यात साठवून अधिकृत घेणाऱ्याकडंच द्यावं.

ऐन हंगामात इंजिन बसलं तर टोळी रिकामी बसते, तोडलेला ऊस फडात वाळून वजन घटतं आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. तेव्हा मोळी पडण्यापूर्वीच ऑइल व फिल्टर बदलून वहीत पहिली नोंद करावी.