गाडीत कायमचा चार्जिंग पोर्ट बसवताना

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. इंजिन चालू असताना हा दाब 14 व्होल्टच्या आसपास जातो. साध्या यूएसबीला लागतात 5 व्होल्ट. म्हणून पोर्टमागे दाब उतरवणारा कन्व्हर्टर असतो. पैसे खर्चायचे ते त्याच्यावर, कारण हलका कन्व्हर्टर तापतो आणि रेडिओत खरखर आणतो.

खरा प्रश्न वीज कुठून घ्यायची हा. सिगारेट लायटरची वायर मध्येच सोलून, पीळ देऊन टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोक्याची आहे. धक्क्यांनी असा जोड सैल होतो आणि तापतो. फ्यूजबॉक्समधून ‘फ्यूज टॅप’ लावून स्वतंत्र फ्यूजची लाइन काढावी, तीही चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या सर्किटवरून. कायम चालू लाइनवर पोर्टचा दिवा आणि कन्व्हर्टर थोडी थोडी वीज खात राहतात. कित्येक आठवडे उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी त्याने उतरू शकते. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजना मात्र हात लावू नका.

वायर किती जाड? ते तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरते; तो काढायला वॅटला व्होल्टने भागा. 18 वॅटचा पोर्ट 12 व्होल्टवर दीड अँपिअर ओढतो. लॅपटॉप चालवणारा 60 वॅटचा टाइप-सी पोर्ट 5 अँपिअर, कन्व्हर्टरमधली तूट धरली तर त्याहून थोडे जास्त. फ्यूज वायरला झेपेल त्याहून मोठा कधीच नको, कारण तो वायर जळू नये म्हणून असतो.

गाडी नवी असेल, तर वॉरंटीच्या अटी आधी वाचा.