गाडी जुनी, किंमत कोटींची!

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना उन्हाळ्यात एक दृश्य हमखास दिसतं. रविवारी सकाळी गावातल्या अरुंद रस्त्यावरून बिनटपाची एमजी नाहीतर जॅग्वार धडधडत जाते आणि चालवणारे आजोबा टोपी सावरत हात हलवतात. आपण म्हणतो, हौसेला मोल नाही! पण या हौसेला मोल आहे, आणि तेही डोळे पांढरे करणारं. ते कसं ठरतं, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपण कुठल्याही जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मोकळे होतो. पण १९३४ साली स्थापन झालेल्या इथल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या लेखी १९३० च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्याच व्हिंटेज. पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्यांना सर्वसाधारणपणे 'क्लासिक' म्हणतात.

किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: अशा गाड्या किती बनल्या, या गाडीने काय गाजवलं आणि ती किती अस्सल आहे. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीनदा जिंकली. त्यातली १९५६ ची विजेती, एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाची गाडी, मूळ रूपात टिकून राहिली. २०१६ साली कॅलिफोर्नियात मॉन्टेरी इथल्या लिलावात तिला २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी तिथे ॲस्टन मार्टिन डीबीआर-१ विकली गेली, २ कोटी २५ लाख ५० हजार डॉलरला. या मॉडेलच्या जेमतेम ५ गाड्या बनल्या होत्या, आणि ही त्यातली पहिली.

आता खरी गंमत पाहा. डी-टाइपवरूनच जॅग्वारने रस्त्यावर चालवण्याजोगी एक्सकेएसएस काढली. २५ बनवायच्या होत्या, पण फेब्रुवारी १९५७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला आग लागली आणि ९ गाड्या जळाल्या. उरल्या १६. २०१६ साली कंपनीने जाहीर केलं, की त्या राहिलेल्या ९ आता जुन्याच पद्धतीने हाताने बनवू. किंमत १० लाख पौंडांच्या वर. मात्र २०२३ मध्ये मॉन्टेरीला एक मूळ एक्सकेएसएस १ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे गेली! कंपनी तीच, आराखडा तोच. नव्या गाडीत एकच भाग बसवता येत नाही, तो म्हणजे तिचा भूतकाळ.

मग प्रश्न येतो, की मूळ गाडीचे सुटे भागच बदलले तर? रेसिंगची गाडी म्हटली की अपघात आले, इंजिन बदलणं आलं. हा वाद १९९० साली थेट लंडनच्या हायकोर्टात गेला. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँ जिंकलेली गाडी. तिचा १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग खरेदीदार कंपनी म्हणाली, यात १९२९ सालचं फारच थोडं उरलंय, आम्हाला नको. न्यायमूर्तींनी मान्य केलं, की मूळ भाग फारच थोडे शिल्लक आहेत. तरीही निकाल दिला, की हीच खरी 'ओल्ड नंबर वन'. कारण बदल टप्प्याटप्प्याने झाले, आणि त्या गाडीचा इतिहास मध्ये कुठेही तुटला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन पटतं. दहा वर्षं चाललेल्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवशीची एकही ओळ उरलेली नसते, तरी तो तोच प्रोग्रॅम असतो, कारण प्रत्येक बदलाची नोंद असते. नोंद हरवली, की ओळखही गेली!

म्हणून जाणकार माणूस चकचकीत रंगाला भुलत नाही. तो आधी चॅसी, इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतो. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून तसा दाखला मिळतो. मग जुन्या मालकांची साखळी, शर्यतींचे फोटो, गॅरेजची बिलं. अपघातात मोडलेल्या एका गाडीच्या भागांतून दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि दोघीही एकाच नंबरवर हक्क सांगू लागल्या, असंही होतं. तेव्हा जपून बरं का!

कुणी म्हणेल, आपला काय संबंध या कोटींशी? पण साध्या एमजीलाही नियम हाच. कुणाच्या गॅरेजमध्ये सत्तरच्या दशकात हौसेने घेतलेली गाडी उभी असेल, तर तिची बिलं आणि जुनी लॉगबुकं रद्दीत घालू नका. आवराआवरीत आधी कागदच जातात, आणि त्यांच्याबरोबर किंमतही.

आणि या पुस्तिकेच्या निमित्ताने शेवटी एक गोष्ट. समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या आरएनएलआय या ब्रिटिश धर्मादाय संस्थेला एका दात्याने मृत्युपत्राद्वारे आपल्या दोन जुन्या फेरारी दिल्या. २०१५ च्या लिलावात त्यांचे ८० लाख पौंडांहून अधिक आले. त्या दात्याचं आणि त्याच्या पत्नीचं नाव आज एका लाइफबोटीवर आहे. आपल्याकडे फेरारी नसेल, पण देण्याची ऐपत प्रत्येकाची आपापल्या परीने असतेच. नाही का?