ॲप काढून टाकलं, तरी पैसे जातातच!

मंडळी, एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. फोनमधून ॲप काढून टाकलं की त्याची वर्गणी बंद होते का? बघा, निम्मे हात वर आले. उत्तर आहे, नाही. आपण फक्त समोरचं दार लावलं. पैसे मागच्या दाराने जातच राहतात.

असं का होतं? सबस्क्रिप्शन घेताना आपण दोन गोष्टी करतो. एक, कंपनीशी करार. दुसरी, दरमहा पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे ऑटोपे. बंद करताना दोन्ही बंद करायच्या. आधी कंपनीच्या साइटवर सबस्क्रिप्शन रद्द करा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मग यूपीआय ॲपमधला किंवा कार्डाचा ऑटोपे रद्द करा. नुसता ऑटोपे थांबवला, तर करार मागे उरतो आणि कंपनी थकबाकी मागू शकते.

कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे आणि नकाराची सोय दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आपण जाहिरात समजून पुसून टाकतो. तसं करू नका.

आता, ‘रद्द करा’ हे बटणच सापडत नसेल तर? तो तुमचा अडाणीपणा नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ ‘डार्क पॅटर्न’ सांगितले आणि ते वापरायला मनाई केली. सबस्क्रिप्शनचा सापळा त्यातलाच एक. रद्द करण्याचा पर्याय लपवणं, ती प्रक्रिया किचकट करणं, फुकट सेवेसाठीही ऑटोपेची सक्ती करणं, हे सगळं त्यात येतं.

तेव्हा आधी कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त २ वर्षांच्या आत जायला हवं.

‘२९९ रुपयांसाठी कोण भांडत बसणार?’ असं आपण म्हणतो. वर्षाचे ३,५८८ होतात, हो! आज घरी गेल्यावर ऑटोपेची यादी उघडा. आईवडिलांच्या फोनमधलीही बघा.