विमानतळाचें दार आणि नकाशा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील काकडी या गांवीं १ ऑक्टोबर २०१७ रोजीं शिर्डीच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तेथें जाणारा प्रवासी आज वाट विचारतो ती हातांतील दूरध्वनीवरील नकाशास. अशा नकाशांपैकीं ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला; तो कोणा मोजणीखात्याचा नसून हौशी लोकांनीं मिळून काढलेला आहे. त्यांत प्रत्येक वस्तूस अनेक चिठ्ठ्या लावतां येतात. वस्तु काय आहे हें एक सांगते, तेथें कोणास जातां येतें हें दुसरी. विमानतळावर घोटाळा होतो तो या दुसरीचा.

युरोप-अमेरिकेंत विमानतळाचे बहुधा दोनच भाग मानतात, झडतीच्या अलीकडचा व पलीकडचा. इमारतीचें पहिलें दालन तिकडे सर्वांस खुलें. आपल्याकडे तिकीट व ओळखपत्र पाहिल्यावांचून शिपाई उंबरठाहि ओलांडूं देत नाहीं, हें श्रोत्यांपैकीं अनेकांनीं अनुभविलें असेल. निरोप द्यावयास आलेल्या आजीबाईंनीं दाराबाहेरूनच हात हलवावा! म्हणून ती विलायती दुभागणी येथें पुरत नाहीं. दारापुढील रस्ता सर्वांचा. पहिलें दालन तिकिटवाल्यांचें. झडतीनंतरचें दालन बोर्डिंग पास असणारांचें. विमानें उभीं राहण्याची जागा व धावपट्टी केवळ परवानाधारकांची. रस्त्यास बंदी नको. दोन्ही दालनांस 'कस्टमर्स', म्हणजे गिऱ्हाइकांपुरतें, आणि शेवटच्या भागास 'प्रायव्हेट' ही चिठ्ठी शोभते. सगळ्यांस सरसकट 'नो' लिहिणें म्हणजे गाभाऱ्याचें सोंवळें राखण्यासाठीं देवळालाच कुलूप घालणें होय.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कुंपणाच्या आंतील सर्व क्षेत्रावर 'बंदी' लिहिली, तरी वाट दाखविणारें यंत्र बहुधा तें क्षेत्र वाचीत नाहीं. तें रस्ता वाचतें आणि रस्त्यावरील फाटक वाचतें. मागील सेवा-रस्त्यावर व त्याच्या फाटकावर चिठ्ठी नसेल, तर कोपरगांवाहून निघालेल्या चालकास यंत्र जवळची म्हणून तीच वाट सांगेल, आणि विमान सुटण्याच्या वेळीं प्रवासी सामानासह बंद फाटकाशीं उभे राहतील. तेव्हां बंदी क्षेत्रावर लिहून भागत नाहीं, ती फाटकावर व रस्त्यावर लिहावी लागते.

पहाऱ्याच्या चौक्या व कॅमेरे मात्र नकाशांत नसावेत. वाट शोधणाराला त्यांचा उपयोग नाहीं. बाहेरून कोणासहि दिसणारें कुंपण, फाटक व दार एवढें पुरे. उद्यां इमारत वाढली, दार हललें, तर चिठ्ठीहि लगेच हलली पाहिजे, आणि तें काम इंग्लंडांतल्या हौशी माणसाकडून नव्हे, काकडीच्याच कोणा माहितगाराकडून व्हावयाचें आहे.