एक्सएमएल रूपांतरणातील नोड-प्रकारांची ओळख
वेरूळच्या लेणे क्र. १५ मधील राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाच्या शिलालेखाची नोंद एक्सएमएलमध्ये केली आहे, असे समजू. लेण्याचा क्रमांक गुणधर्म म्हणून, वाचन मजकूर म्हणून, तर संदिग्ध अक्षराविषयीची संपादकाची शंका टिप्पणी म्हणून नोंदविली आहे. १९९९ च्या एक्सपाथ १.० मानकात मूळ, घटक, गुणधर्म, मजकूर, टिप्पणी, प्रक्रिया-सूचना व नामावकाश असे ७ नोड-प्रकार आहेत. एक्सएसएलटी शैलीपत्रकात स्वतंत्र नियम नसल्यास अंगभूत नियम मजकूर तेवढा फलितात उतरवितात. टिप्पणी गाळली जाते; गुणधर्म हे घटकाचे अपत्य मानले जात नसल्याने प्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. परिणामी शंकास्पद वाचन निःशंक भासते. म्हणून ‘कॉमेंट()’ व ‘@*’ या कसोट्यांनी टिप्पणी आणि गुणधर्म वेगळे ओळखून त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम लिहिणे आवश्यक ठरते.