चपटा टीव्ही : स्वस्तातला की महागातला?



शेतकी खात्यातल्या माणसाने टीव्हीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ऊसबिल खात्यावर जमा झाले की गटात फिरताना बेणे आणि खत यांच्या खालोखाल आम्हाला हाच प्रश्न विचारला जातो. "साहेब, टीव्ही घ्यायचाय. स्वस्तातला बघू का चांगला महागातला?" बांधावर उभ्या उभ्या याचे उत्तर होत नाही, म्हणून हा लेख.

आमचे जे काही ज्ञान आहे ते घाटाखालचे आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळांच्या सोयरिकी घाट उतरून कोकणात झालेल्या आहेत, तशी आमचीही सासुरवाडी पोलादपूर तालुक्यात. मोठे मेहुणे मुंबईला नोकरीत होते, धाकट्यांचे महाडच्या बाजारात दुकान. २०११ साली दोघांनीही प्लाझ्मा टीव्ही घेतले. धाकट्यांनी ४२ इंची, त्यातल्या त्यात स्वस्तातला. थोरल्यांनी ५० इंची, किमतीने अडीचपट. पुढे निवृत्त झाल्यावर थोरल्यांनी तो टेम्पोत घालून गावी आणला. एकाच जातीचे दोन नग, एक हलका एक भारी, दोन्ही आमच्या नजरेखाली राहिले.

प्लाझ्मा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात, त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले. वीज दिली की वायूतून न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपाला उजळवतात. घरातल्या ट्यूबलाइटचेच तत्त्व, फक्त ट्यूब मोहरीहून बारीक. हा शोध अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली लागला, तोही करमणुकीसाठी नाही, संगणकावर शिकवण्यासाठी. प्रत्येक कप्पा स्वतः उजेड देतो, त्यामुळे पाठीमागे दिवा लागत नाही आणि बाजूला बसून पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत. घरात पाहुण्यांसह पंधरा माणसे बसली की याचा उपयोग कळतो.

आता फरक. धाकट्यांच्या टीव्हीत आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर. थोरल्यांच्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या पुढे. दुकानदार हाच आकडा पुढे करतो. पण जे साधे चॅनेल छत्रीवरून येते, त्याच्या चित्रातच ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, जेमतेम चार लाखांच्या वर. मग उरलेले ठिपके टीव्हीने अंदाजाने भरायचे. को ८६०३२ लावला आणि पाणी दोनच पाळ्या दिले, तर जातीला दोष देऊन काय उपयोग? आम्ही दोन्ही घरी एकच बातम्या पाहिल्या. खरे सांगतो, महाडचा स्वस्त टीव्ही उलट जरा नेटका वाटला, कारण पडदा लहान, ताण कमी.

मात्र रात्री गावी नाटक लागले तेव्हा आमचे मत फिरले. महागाचे पैसे गेलेले असतात काळ्या रंगात. स्वस्त प्लाझ्मात कप्पा बंद असतानाही किंचित धुगधुगत राहतो, त्यामुळे अंधार राखाडी दिसतो. भारी नगात ही धुगधुगी फार कमी केलेली, शिवाय काचेवर चकाकी मारणारा थर. पायोनियर कंपनीने तर आपल्या भारी टीव्हीचे नावच 'कुरो' ठेवले होते, जपानीत त्याचा अर्थ काळा. आमच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "जावईबापू, बातम्या कुठंबी दिसत्यात, पण ह्याच्यात काळोख काळोखावानी दिसतो."

महाडला मात्र हा गुण वाया गेला असता. दुकानाचे दार रस्त्यावर उघडे, दिवसभर उजेड, काचेत समोरची एसटी दिसे. वर दिवसभर बातम्यांचे एकच चॅनेल. सहा महिन्यांत त्या चॅनेलचे चिन्ह आणि खालची पट्टी पडद्यावर उमटली ती उमटलीच. सिनेमा लावला तरी नायकाच्या गळ्याखालून पट्टी. महागात चित्र हळूच सरकवत ठेवण्याची सोय असते, डाग कमी पडतात, पण अजिबात पडत नाहीत असे कोणी सांगितले तर मानू नये.

विजेचे गणित आम्ही वहीत मांडले. ४२ इंची प्लाझ्माला सरासरी २०० वॅट धरा. रोज पाच तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस. तेवढ्याच आकाराचा आजचा एलईडी ७० वॅटच्या आसपास, म्हणजे साडेदहा युनिट. घरगुती बिलात शंभर युनिटांनंतर दर चढतो, तेव्हा हे वीस युनिट कुठे पडतात ते बघावे. ५० इंचीला याहून जास्त. चित्र जितके पांढरे तितकी वीज अधिक, म्हणून दिवसाच्या क्रिकेटला जास्त आणि रात्रीच्या नाटकाला कमी.

पावसाचे काय सांगावे? पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. जोराची सर आली की छत्रीचे चित्र जाते, तिथे पन्नास हजारांचा टीव्ही आणि दहा हजारांचा टीव्ही सारखेच मुके. दाब कमीजास्त होतो म्हणून थोरल्यांनी स्टॅबिलायझर पहिल्या दिवशी घेतला, ते शहाणपणाचे केले. वळवाच्या पावसात पिन काढतात, आणि छत्रीची तारही काढतात. पुष्कळ जण पिन काढतात आणि तार विसरतात.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यापुढे टीव्हीचे नाव काढू नये, आणि आमच्या मेहुण्यांनी काढलेही नाही. आठ दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा बाजारपेठेत दुकानादुकानांसमोर फ्रीज, गाद्या, वह्या, टीव्ही, सगळे एकाच चिखलाच्या रंगाचे. चार फुटांवर टांगलेला टीव्ही पाण्याखाली गेला होता. तो त्यांनी उचलून ढिगावर ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं स्वस्त घेतला." थोडे हसलेही. आम्हाला हसता आले नाही.

थोरल्यांचा उंचावर असल्याने वाचला, पण मागल्या वर्षी त्याच्या आतले एक कार्ड गेले. इथे महागाची दुसरी बाजू कळली. प्लाझ्मा आता कोणी बनवीत नाही. पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवले, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये. नवे सुटे भाग नाहीत. मेकॅनिकने मुंबईच्या भंगारातल्या टीव्हीतून कार्ड मिळवले, त्याला तीन आठवडे लागले. तोवर सासूबाई शेजारी जाऊन बसत.

आज दुकानात हाच प्रश्न एलईडी आणि ओएलईडी असा येईल. ओएलईडीचा ठिपकाही प्लाझ्मासारखा स्वतः उजळतो, काळोख तसाच खरा, आणि एकच चित्र कायम ठेवले तर डागाची भीतीही तशीच. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणारे घर असेल आणि चित्र इंटरनेटवरून चांगल्या प्रतीचे येत असेल तर महाग घ्यावा. दार उघडे, छत्री फुकटची, दिवसभर बातम्या, असे असेल तर साधा एलईडी पुरे. उरलेल्या पैशांत स्टॅबिलायझर घ्यावा आणि दुरुस्तीचे केंद्र आपल्या तालुक्याच्या गावी आहे का, ते बिल फाडण्याआधी विचारावे. धाकट्यांनी तसेच केले. ४३ इंची साधा एलईडी घेतला आणि या खेपेला माडीवर लावला.

एक राहिले. मुंबईच्या नातेवाइकांकडून जुना प्लाझ्मा फुकट मिळतोय म्हणून काही सभासद आणायला निघाल्याचे ऐकतो. आणायचाच तर टेम्पोत उभा बांधून आणावा, आडवा घातला तर एका खड्ड्यात काच जाते. आणि घरची भिंत मातीची असेल तर टांगू नये, वजन फार असते. थोरल्यांनी भाताच्या कणगीशेजारी शिसवी टेबल टाकून त्यावर ठेवला आहे.